दामले सरांचं लॉगिन

दामले सरांचे दोन्ही हात गुंतलेले होते. उजव्या हातात कॉफीचा स्टीलचा पेला, डाव्या हातात वाटी. कॉफी वरून खाली ओतून ते निववत होते. आणि त्याच वेळी मीटिंग रूमच्या भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर एक ओळ उमटली. ‘फर्स्ट पीस मंजूर : दामले.’

कस्टमरकडून आलेल्या प्रिया मॅडमनी स्क्रीनकडे बघितलं. मग सरांच्या हातांकडे. मग पुन्हा स्क्रीनकडे.

“सर, हे आत्ता कोणी मंजूर केलं?”

“मीच,” सर म्हणाले. “म्हणजे माझ्या मुलांनी. माझ्या नावाने. त्यांना माझी परवानगी आहे.”

“पण तुम्ही पीस बघितला नाही.”

“हरीशने बघितला ना. हरीशने बघितला म्हणजे मी बघितला.”

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी लॅपटॉप अगदी हळू मिटला. शेजारी बसलेल्या मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघितलं.

बेंगळुरूच्या बोम्मसंद्रातल्या एका मशिनिंगच्या कारखान्यात मी काम करते. आम्ही धातूचे बारीक पार्ट बनवतो. प्रिया मॅडमची कंपनी हॉस्पिटलात लागणारे पंप बनवते, पेशंटच्या शिरेत औषध ठरलेल्या वेगाने सोडणारे. त्या पंपातला नखाएवढा व्हॉल्व्ह आमच्याकडे होतो. त्या व्हॉल्व्हवर आमची अख्खी दुसरी लाइन चालते. ते काम गेलं तर त्या लाइनवरच्या बायका, पोरं सगळी घरी.

या कामाची ड्रॉइंग, मापांचे रिपोर्ट, निरोप, मंजुऱ्या, सगळं एका ऑनलाइन जागेत असतं. तिला आम्ही वर्कस्पेस म्हणतो. आम्ही आमच्या कॉम्प्युटरवरून आत जातो, कस्टमर त्यांच्या ऑफिसातून आत येतात. आत आलेल्या प्रत्येकाला एक रोल असतो. रोल म्हणजे तुम्हाला आत काय काय करता येईल याची हद्द. Viewer फक्त वाचतो. Commenter वाचतो आणि शेजारी शेरा लिहितो. Editor फाइल टाकतो, बदलतो. Approver तेही करतो आणि मंजूर-नामंजूरही करतो. Admin माणसं आत घेतो, बाहेर काढतो, त्यांचे रोल ठरवतो. आणि सगळ्यांच्या वर Owner. त्याला सगळं करता येतं आणि Admin त्याच्या केसालाही धक्का लावू शकत नाही.

आमची Admin मी. आमचे Owner दामले सर.

आता फर्स्ट पीस म्हणजे काय, तेही सांगते. मशीन सेट केल्यावर निघालेला पहिला पार्ट. ऑपरेटर तो मोजते आणि मापं वर्कस्पेसमध्ये टाकते. मग क्वालिटीचा माणूस तोच पार्ट पुन्हा मोजतो आणि मंजूर करतो. त्यानंतरच पुढचे पार्ट निघतात. बनवणारा वेगळा, तपासणारा वेगळा, एवढाच त्यातला अर्थ. आमच्याकडेही तो वेगळाच होता. शोभक्का बनवायची, हरीश तपासायचा. पण दोघंही दामले सरांच्या लॉगिनने काम करायचे. त्यामुळे स्क्रीनवर बघणाऱ्याला दिसायचं ते असं : पार्ट मोजला दामल्यांनी, तपासला दामल्यांनी, मंजूर केला दामल्यांनी.

हे आळसाने झालं नव्हतं. प्रेमाने झालं होतं, आणि म्हणूनच ते सोडवायला कठीण होतं.

मी उदगीरकडची. नववीत शाळा सुटली. लग्नानंतर नवऱ्याच्या मागोमाग बेंगळुरूला आले आणि इथे पॅकिंगला लागले. पार्ट पिशवीत भरायचे, लेबल चिकटवायचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत आईशी फोनवर बोलत होते. मागून आवाज आला, “कुठली गं तू?” मराठी ऐकून मला रडूच आलं. ते दामले सर. सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेले, आमच्याकडे क्वालिटीचे सल्लागार. जन्म पुण्याचा, पण आयुष्य इथेच गेलेलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी मला पॅकिंगमधून उठवून कॉम्प्युटरसमोर बसवलं. काहीतरी चुकीचं दाबलं जाईल आणि कारखाना बंद पडेल, असं खरंच वाटायचं.

सर म्हणाले, “माझ्या नावाने दाब. बिघडलं तर दामल्याने बिघडवलं. तुला कुणी विचारणार नाही.”

त्या एका वाक्यावर मी शिकले. आज जी काही आहे ती त्या वाक्यामुळे. हे मी कुणालाही सांगते, इथेही लिहून ठेवते.

फक्त सरांनी ते वाक्य मला एकटीलाच सांगितलं नव्हतं. सगळ्या लाइनला सांगितलं होतं. मशीनशेजारच्या प्रत्येक टॅबलेटवर सरांचंच लॉगिन. सकाळी टॅबलेट चालू केला की सर सगळीकडे हजर.

प्रिया मॅडम निघताना दारात उभ्या राहून बोलल्या. आवाज चढवला नाही. “एका माणसाला एक लॉगिन. जो रिपोर्ट टाकतो, त्याला मंजूर करता येणार नाही. आणि एवढे सगळे अधिकार एका नावावर नकोत. मी शुक्रवारी येते. तोपर्यंत नवीन ड्रॉइंग पाठवणार नाही. शुक्रवारी हे असंच दिसलं तर व्हॉल्व्हसाठी मला दुसरा कारखाना बघावा लागेल. उद्या एखाद्या पेशंटला काही झालं तर मला विचारतील, पार्ट कोणी तपासला? मी काय सांगू, कॉफी पिणाऱ्या गृहस्थांनी?”

त्या गेल्यावर मालक माझ्याकडे वळले.

“सविता, वर्कस्पेस कोण बघतं?”

“मी, सर.”

“मग कर.”

“सर, पण दामले सरांचं...”

“ते तुम्ही दोघं मराठीत बघून घ्या,” मालक म्हणाले आणि निघून गेले.

दामले सर अजून तिथेच होते. “बाकीच्यांना लॉगिन काढून दे,” ते म्हणाले. “हवी तेवढी काढ. माझं मात्र आहे तसं राहू दे. कुणाचं कुठे अडलं तर दार उघडायला कुणीतरी लागतंच.”

“हो सर,” मी म्हटलं. ते माझ्या तोंडून आपोआप निघतं.

जागेवर येऊन बसले आणि कळलं की मी दोन माणसांना दोन उलट गोष्टी कबूल केल्या आहेत. मला घाबरायला फार काही लागत नाही. पण घाबरूनही काम करता येतं, हे मी याच कारखान्यात शिकले. म्हटलं, आधी जे माझ्या हातात आहे ते करू.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाइनवर गेले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते. “तुम्ही दिवसभरात वर्कस्पेसमध्ये नेमकं काय करता?” त्यावरून रोल ठरवायचा. सुरुवात सुपरवायझरपासून, कारण आधी त्यांना विचारलं नाही तर ते दिवसभर बोलत नाहीत. मंजुनाथ अण्णा. त्यांना सगळे मंजण्णा म्हणतात.

“मी ड्रॉइंग बघतो,” मंजण्णा म्हणाले. “बघून मशीन लावून देतो.”

“मग तुम्ही Viewer.”

“आणि शोभा?”

“ती रिपोर्ट टाकते. Editor.”

मंजण्णांनी हातातलं फडकं मशीनवर टाकलं. “नानु बरी नोडोदा?” म्हणजे मी नुसतं बघायचं? “मी सुपरवायझर. ती माझ्या हाताखाली. तिचा रोल मोठा, माझा छोटा?”

“अण्णा, यात मोठा-छोटा नसतं.”

“सगळ्यात वर Owner, खाली Viewer. तूच तर त्या दिवशी दाखवलंस. जिन्यासारखं चित्र होतं.”

होतंच. सगळीकडे ते तसंच काढलेलं असतं. वर Owner, खाली Viewer. आणि आमच्याकडे रोल तसेच वाटले गेले होते, लग्नाच्या पंगतीत पाट मांडावेत तसे. जो वयाने मोठा त्याला मोठा रोल. अकाउंट्समधल्या काकांना Editor दिलेला, त्यांनी आयुष्यात एक ड्रॉइंग उघडलेलं नाही. मालकांच्या मेव्हण्यांना Admin, ते दसऱ्याला आयुधपूजेपुरते येतात. कुणाला कमी द्यायचं म्हणजे त्याचा अपमान.

“अण्णा, तुम्ही कधी ड्रॉइंग बदललंय?”

“छे! मी कशाला बदलू? कस्टमरचं ड्रॉइंग आहे.”

“मग उद्या कुणी विचारलं, हे ड्रॉइंग कोणी बदललं, तर Viewer ला कुणी विचारणारच नाही. त्याला बदलताच येत नाही.”

मंजण्णा थांबले. थोडा विचार केला. “मला कुणी विचारणार नाही?”

“नाही.”

“सरी, ठीक आहे,” ते म्हणाले. “Viewer कर.”

मला वाटलं, चला, एक झालं. पण मंजण्णांचा आवाज मोठा. दुपारी चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या लाइनवर बातमी पसरली की Viewer ला कुणी काही विचारत नाही. चहा हातात घेऊन एकेक जण माझ्याकडे यायला लागला.

“मॅडम, मलाही Viewer.”

“तुम्ही रिपोर्ट टाकता ना? Viewer ला टाकता येणार नाही.”

“मग बेडा, नको. रिपोर्ट दामले सरांच्या नावाने टाकतो, जसं चाललंय तसं.”

हरीश तर क्वालिटीचा डिप्लोमावाला. मंजूर करायचं काम त्याचंच. तोही म्हणाला, “सविता, ऐक ना. मला Commenter कर. मी शेरा लिहीन, ‘ठीक आहे’. मंजूरचं बटण सरांनी दाबावं.”

“हरीश, तूच रोज ते बटण दाबतोस.”

“दाबतो. पण त्यावर माझं नाव नसतं.”

तेव्हा मला नीट उमगलं. लॉगिन ही अडचण नव्हतीच. सरांच्या नावाखाली सगळी माणसं निवांत होती. पार्ट परत आला तर सर म्हणायचे, माझी चूक. कस्टमर ओरडला तर सर पुढे. मी या लोकांना नवीन लॉगिन देत नव्हते. मी त्यांच्या डोक्यावरची छत्री काढून घेत होते. आणि मला ती भीती अनोळखी नव्हती.

आधी मोठा रोल पाहिजे म्हणून भांडण, मग सगळ्यांना सगळ्यात छोटा पाहिजे म्हणून रांग. या रांगेत एकच माणूस नव्हता. शोभक्का.

ती मशीनपाशीच उभी होती. व्हॉल्व्हच्या मशीनवर ती इथे सगळ्यात जुनी. ती कन्नडमध्येच बोलते, आणि तेही थोडं.

“अक्का, तुम्हाला काय करू?”

“Editor,” ती म्हणाली. “माझ्या नावाने.”

“भीती नाही वाटत?”

“वाटते. पण ऐक. गेल्या वर्षी मी मालकांकडे गेले होते. म्हटलं, इतकी वर्षं मापं घेते, मला इन्स्पेक्टरची ग्रेड द्या. त्यांनी कॉम्प्युटर उघडला. माझं नाव टाकून शोधलं. काही आलं नाही. एक रिपोर्टसुद्धा नाही. ते म्हणाले, शोभा, तुझं काम दिसत नाही.” तिने मायक्रोमीटर पुसून डबीत ठेवला. “मी काय सांगणार, दामले सर म्हणजे मी?”

“सरांना सांगितलं नाहीत?”

“त्यांना कसं सांगू? ते माझ्यासाठी शिव्या खातात.”

मी तिथून थेट सरांच्या केबिनकडे गेले. जिन्यात पाय थांबले. नवऱ्याने आदल्या दिवशी जेवताना विचारलं होतं, “ज्याने हाताला धरून शिकवलं, त्याचाच हक्क काढणार तू?” त्याचं निम्मं उत्तर आता माझ्याकडे होतं. म्हटलं, निम्म्यावरच जाऊ. नाहीतर शुक्रवार येईल आणि शोभक्काला नाव तर मिळणार नाहीच, मशीनही राहणार नाही.

“सर, तुमचं लॉगिन बंद करायचं नाही. पण Owner चा हक्क काढावा लागेल. मला तो काढता येत नाही. तुम्हीच तो दुसऱ्याला द्यायला हवा.”

सरांनी चष्म्यावरून बघितलं. “आपलं काय ठरलं होतं?”

“मी ‘हो सर’ म्हटलं होतं. ते चुकीचं म्हटलं.”

सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “मी नोकरीला नवा होतो तेव्हाची गोष्ट. आमच्या शॉपमध्ये एक फिटर होता. साहेबाने सांगितलं म्हणून त्याने एका कागदावर सही केली. पुढे चौकशी लागली. साहेब आहे तिथेच राहिले. फिटर घरी बसला. तेव्हापासून ठरवलं, माझ्या हाताखालच्या माणसावर काही येऊ द्यायचं नाही. आलं तर माझ्यावर येऊ दे. माझं आता कोण काय वाकडं करणार?”

“सर, तुम्ही आमच्यावर काही येऊ दिलं नाहीत, खरंय. पण शोभक्काने ग्रेड मागितली तेव्हा मालकांना तिचं नावच सापडलं नाही. तिचं सगळं काम तुमच्या नावावर जमा आहे.”

“तिने असं सांगितलं?”

“हो.”

“मला का नाही म्हणाली?”

“तुमचा मान ठेवते म्हणून.”

“आणि तू?”

आता थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं. “मीही ठेवते. माझी सुरुवातीची वर्षं तुमच्या नावावर आहेत, सर. ती मला परत नकोत. ती तुमचीच. पण इथून पुढची माझ्या नावावर पाहिजेत. हरीशची हरीशच्या. चुकलं तरी.”

सर खिडकीतून खाली लाइनकडे बघत राहिले. शोभक्का तिथून दिसत होती, पाठमोरी. मग त्यांनी खुर्ची वळवली.

“बरं. मग मला काय करतेस? Guest? पाहुणा?”

“Commenter. सगळी ड्रॉइंग दिसतील. कुठल्याही रिपोर्टवर शेरा लिहिता येईल. बदलता येणार नाही, मंजूर करता येणार नाही.”

“म्हणजे बोलायचं, पण करायचं काही नाही.”

“हो सर.”

“घरी तेच चालू आहे,” सर म्हणाले. “सवय आहे.”

मी हसले नाही. मला हसू की रडू, कळत नव्हतं.

Owner कोण करायचा, हे मी ठरवून आले होते. Owner असा माणूस असावा ज्याला रोज आत जायची गरज नाही. ज्याच्या हातात सगळं आहे, त्याचा हात सतत फाइलींवर फिरत असेल तर एखाद्या दिवशी घोळ होतो. म्हणून मालक. आणि एक Owner कधीच ठेवू नये, तो आजारी पडला की सगळं बंद. म्हणून दुसऱ्या Owner मालकांच्याच मिसेस, गीता मॅडम. त्या अकाउंट्स बघतात, ड्रॉइंगशी त्यांचा संबंध नाही.

सरांनी लॅपटॉप पुढे ओढला. हक्क देण्यासाठी त्यांच्या मोबाइलवर कोड आला. सवयीने त्यांनी तो मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

“मला सांगू नका सर,” मी म्हटलं. “तुम्हीच टाका.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एका बोटाने कोड टाकला.

बुधवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी मी सगळे टॅबलेट सरांच्या लॉगिनमधून बाहेर काढले आणि प्रत्येकाला आपापल्या नावाने आत घेतलं. सगळे आत आले. मला फार बरं वाटलं. मग हरीशने व्हॉल्व्हच्या ड्रॉइंगचा फोल्डर उघडला आणि समोर आलं, ‘तुम्हाला इथे प्रवेश नाही.’

शोभक्कालाही तेच. मंजण्णांना तेच. मी स्वतः Admin, मलाही तेच.

मशीन उभी राहिली. ड्रॉइंग समोर असल्याशिवाय व्हॉल्व्ह लावायचा नाही, हा कस्टमरचा नियम. सगळ्यांचे रोल पुन्हा तपासले. बरोबर होते. हरीश शेजारी येऊन बसला आणि मदतीचं पान मोठ्याने वाचू लागला. मी ऐकत होते. त्यातून कळलं ते असं. वर्कस्पेसमध्ये दिलेला रोल आतल्या फोल्डरना आपोआप लागू होतो. पण एखाद्या फोल्डरला कुणी वेगळं कुलूप लावलेलं असेल तर वरचा रोल तिथे चालत नाही. सरांनी फार पूर्वी हा फोल्डर बनवताना त्याला वेगळं कुलूप लावलं होतं. आत फक्त दामले. आणि सगळेच दामले म्हणून जात असल्याने कुलूप आहे, हे कुणाला कधी कळलंच नाही.

मालक मागे येऊन उभे राहिले. “किती वेळ?”

“बघतेय, सर.”

“दामल्यांना परत Owner कर. मशीन चालू होऊ दे. नंतर बघू.”

लाइनवरचे सगळे माझ्याकडे बघत होते. सोपं होतं. सगळ्यांना तेच हवं होतं.

“नाही सर,” मी म्हटलं. मालकांना ‘नाही’ म्हणायची ती पहिलीच वेळ. “परत केलं तर कुणीच पुन्हा सोडणार नाही, आणि शुक्रवारी मॅडमना तेच दिसेल. हे कुलूप Owner ला उघडता येतं. Owner तुम्ही आहात.”

“मी?”

“कालपासून.”

मालकांनी खिसे चाचपले. “पासवर्ड...”

“तुम्हीच ठेवला होता, सर.”

“ठेवला होता खरा. काय ठेवला होता?”

हरीशने तोंड फिरवलं. मी अकाउंट्सकडे धावले. गीता मॅडम व्हाउचर बाजूला सारून आल्या, स्वतःच्या लॉगिनने आत गेल्या, मी दाखवलं तिथे क्लिक केलं. कुलूप निघालं. मशीन चालू झाली.

“दोन Owner कशाला, असं विचारत होतात ना?” त्या जाताजाता नवऱ्याला म्हणाल्या.

शुक्रवारी प्रिया मॅडम आल्या. थेट लाइनवर. त्यांनी हरीशला एक खोटा रिपोर्ट त्याच्याच नावाने टाकायला लावला आणि म्हणाल्या, आता मंजूर कर. मंजूर झाला नाही. ज्याने टाकला त्याला मंजूर करता येत नाही, ही अट मी लावली होती. त्यांनी मान डोलावली. मग म्हणाल्या, “खरं काम दाखवा.”

शोभक्काने नवा फर्स्ट पीस काढला, मोजला, रिपोर्ट टाकला. स्क्रीनवर तिचं नाव आलं. हरीशने पीस घेतला आणि मोजायला बसला. एका व्यासावर त्याचा हात थांबला. त्याने पुन्हा मोजलं. मग माझ्याकडे बघितलं. त्या नजरेवरूनच मला समजलं.

कस्टमर शेजारी उभी. मालक उभे. एरवी त्याने शोभक्काला हळूच खूण केली असती, तिने नवा पीस काढला असता आणि सरांच्या नावाने सगळं आलबेल झालं असतं. हरीशने बटण दाबलं. ‘नामंजूर : हरीश. व्यास हद्दीबाहेर.’

प्रिया मॅडम शोभक्काकडे वळल्या. “तुम्हाला हे पटतं?”

शोभक्काने पीस हातात घेऊन पुन्हा मोजला. घाई केली नाही. “हौदु, पटतं,” ती म्हणाली. “मी रीडिंग घाईत घेतलं. टूलचं टोक झिजलंय. बदलते.”

तिने टोक बदललं, दुसरा पीस काढला, मोजला, टाकला. हरीशने तपासून मंजूर केला.

मॅडम माझ्याकडे आल्या. मला वाटलं, गेलं काम.

“तुमच्या वर्कस्पेसमधले जुने रिपोर्ट मी चाळलेत,” त्या म्हणाल्या. “त्यात एकही नामंजूर नाही. मला खरी काळजी त्याचीच होती. दामले सर दामले सरांना नामंजूर कसं करणार?” मग मालकांना म्हणाल्या, “ड्रॉइंग आज पाठवते.”

दुसरी लाइन चालू आहे. शोभक्काने ग्रेडसाठी पुन्हा विचारलं तेव्हा मालकांना तिचं नाव सापडलं. मंजूर रिपोर्ट सापडले, थोडे नामंजूरही सापडले. ग्रेड मिळाली. मंजण्णा अजून Viewer आहेत आणि त्यांना अजून कुणी काही विचारत नाही.

या कामातून मी एवढंच शिकले. रोल देताना माणूस किती मोठा आहे, हे बघू नये. उद्या सकाळी तो काय काम करणार आहे, तेवढंच बघावं. मान द्यायचा असेल तर कॉफी आधी त्याच्यापुढे ठेवावी.

परवा दुपारी सरांचा केबिनमधून फोन आला.

“सविता, मंजूरचं बटण करडं दिसतंय.”

“हो सर. Commenter ला तसंच दिसतं.”

“दाबलं जात नाही.”

“तुम्ही कशाला दाबत होता?”

“तू काम नीट केलंयस का, ते तपासत होतो,” सर म्हणाले आणि फोन ठेवला.